सायकलवरून गाडी बघणारा मिस्त्री

तो माणूस फार हुशार होता की थोडा अर्धवट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला विचारावं तर तो आता कासा गावात नाही. रस्ता रुंद झाला त्यात त्याची शेड गेली. कोणी म्हणतं उधव्याला गेला, कोणी म्हणतं सिल्वासाला मुलीकडे. मी दोन्हीकडे चौकशी केली, दोन्हीकडच्या लोकांनी मला तिसरंच गाव सांगितलं.

शेड म्हणजे काय, चार बांबू आणि वर पत्रे. मागे ताडाचं झाड. पाटी नाही, काही नाही. तिथे तो फक्त शॉकअपचं काम करायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही तेव्हा माहीत नव्हतं. चाक आणि गाडी यांच्यामध्ये एक जाड दांडा असतो, आत तेल असतं. खड्ड्यात चाक आपटलं की स्प्रिंग उड्या मारायला लागते आणि हा दांडा तिला आवरतो. त्याचं नाव शॉकअप. पुढच्या चाकांचा जरा वेगळा असतो, स्प्रिंग त्याच्याच अंगावर बसलेली असते, त्याला दुकानात स्ट्रट म्हणतात. एवढं ज्ञान मला त्याच्याकडून मिळालं. त्यानं सरळ सांगितलं असतं तर पाच मिनिटांत मिळालं असतं. पण सरळ सांगेल तर तो कसला!

कोणी इंजिन घेऊन आलं तर म्हणायचा, "ते वरचं काम. मी खालचा माणूस." आणि पुन्हा आपला बिडी शोधायला लागायचा.

आणि त्याचा पहिला प्रश्न गाडीबद्दल नसायचाच. "आधी रस्ता सांगा." तुम्ही कुठून कुठे जाता, किती वेळा जाता, काय भरून जाता. काढलेले जुने शॉकअप त्यानं शेडच्या आडव्या बांबूला तारेनं बांधून ठेवले होते, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं गावाचं नाव. मालकाचं नाही, गाडीचं नाही, गावाचं. गंजाड, आशागड, झाई, उधवा. म्हणायचा, प्रत्येक रस्ता वेगळ्या जागी खातो. एकदा माझ्यासमोर हायवेवरून एक मोठी गाडी आली. त्यातल्या शेठनं काच खाली केली.

"मिस्त्री, शॉकअप बदलायचेत."

"रस्ता सांगा."

"अरे, गाडी आहे, कुठेही जाते."

"मग कुठेही बदला," असं म्हणून हा पाठ फिरवून बसला. शेठ दोन मिनिटं तसाच काचेतून बघत राहिला. मलाच कसंतरी झालं. असं गिऱ्हाईक घालवणाऱ्याला काय म्हणावं?

आता माझं सांगते. मी चिंचणीची. सुकी मासळी विकते, बोंबील, सुकट, कधी सोडे. तलासरीचा बाजार आणि कासाचा बाजार, दोन्ही माझे. पूर्वी वडापच्या जीपमधून टोपल्या न्यायचे. मग लोक नाकाला पदर लावायला लागले, जीपवाले म्हणायला लागले, "मावशी, तुमच्या टोपल्या टपावर." टपावर ठेवल्या की पावसात भिजायच्या. शेवटी छप्पन्नाव्या वर्षी मी जुनी छोटी पांढरी गाडी घेतली आणि चालवायला शिकले. ओहोटीला किनाऱ्याची वाळू कडक होते ना, तिथे शिकले. पोरं खेळायची थांबून बघायची. मग रीतसर परवानाही काढला. गावात गाडीतून मासळी नेणारी बाई मी पहिली, हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

तीन-चार वर्षं छान गेली. मग काय झालं कळेना. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालायची. वळणावर अंग टाकून द्यायची, होडी लाटेवर टाकते तसं. उतरल्यावर माझी कंबर अशी दुखायची की टोपली उचलवेना. आणि एके दिवशी रानशेतच्या वळणावर बकरी आडवी आली. मी ब्रेक मारला, गाडी डावीकडे गेली ती थेट चिकूच्या वाडीच्या कुंपणात. बकरी वाचली, मी वाचले, आरसा गेला आणि सुकट सगळी सीटवर सांडली.

माझा मुलगा तारापूरला कारखान्यात आहे. तो कामावरून आला, कुंपणाची हकीकत ऐकली आणि चावी खिशात घातली. मग म्हणाला, "आई, वय झालं तुझं. बस्स झालं."

आमचे हे म्हणाले, "मी बघतो ना, चहा गाळताना हात हलतो हिचा."

त्या दिवसापासून मी चहा गाळताना आपल्याच हाताकडे बघायला लागले. आणि बघितलं की हलतोच! न बघता गाळला तर हलतो का, हे कसं बघणार? खरं सांगते, डोकं फिरायची वेळ आली. दोष गाडीत आहे की माझ्यात? जीपवाले आता सुक्या मासळीला घेतच नव्हते. म्हणजे गाडी गेली की बाजार गेले, आणि बाजार गेले की मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'काय, कुठे?' विचारणारी म्हातारी. ते मला नको होतं. पण उद्या कुंपणाच्या जागी एखादं माणूस असतं तर? तेही डोक्यातून जाईना.

सल्ले तर किती! मुलाचा मित्र म्हणाला विकून टाका. एक गॅरेजवाला म्हणाला खालचं सगळं बदला. शेजारचा म्हणाला, स्प्रिंगमध्ये रबर ठोका, गाडी उंच होते, काही करावं लागत नाही. आणि मासळी घेणारी एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, कासाला तो एक वेडा आहे, त्याला दाखवा, तो खोटं बोलत नाही.

मुलगा सुट्टीच्या दिवशी मला घेऊन गेला. चालवत तो, बाजूला मी.

मिस्त्रीनं आधी मुलाकडे बघितलं. "गाडी कोणाची?"

"आईची. पण आता चालवतो मी."

"मग आई बोलेल." माझ्याकडे वळला. "बाय, रस्ता सांग."

मी सांगितला. चिंचणी, डहाणू, रानशेत, कासा, मग हायवेनं तलासरी.

"टोपल्या कुठे ठेवतेस?"

"मागे उजवीकडे."

"उजवीकडेच का?"

"डावीकडून वजनाचा काटा काढायला बरं पडतं."

मान हलवली. मग पुढच्या टायरजवळ उकिडवा बसला, डोळे मिटले आणि टायरवरून हात फिरवायला लागला. पोराचा ताप बघतात ना, तसा. माझा मुलगा मला कोपरानं ढोसायला लागला. डोळे मिटूनच मिस्त्री म्हणाला, "हसू नको, भाऊ. टायर बघून सपाट दिसतो. हात फिरव, मग खळगे लागतील. चाक रस्त्याला चिकटून चालत नाही, उड्या मारत चालतंय." मुलानं हात फिरवला. त्याचं हसू थांबलं. मीही फिरवला, खरंच वाटीवाटीसारखे खळगे.

मग उठून त्यानं गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडला. गाडी वरखाली, वरखाली. तो मोजत होता. "दोन. तीन. अजून चाललीच आहे बघा. एकदा वर यायचं आणि गप्प उभं राहायचं, असं पाहिजे."

मग गाडीखाली गेला. बाहेर आला तेव्हा बोटाला काळंपांढरं काहीतरी लागलेलं होतं. आणि काय करावं त्यानं? बोट जिभेला लावलं!

"खारट," म्हणाला. "बेन, आ गाडी छे के होडी?"

आता इथे मला खाली बघावं लागलं. आमचे हे जन्मभर तांडेल होते, बोट हाकणारे. पाय अधू झाला तेव्हापासून घरी. त्यांना या गाडीचं फार कौतुक. दर रविवारी गाडी खाडीवर लावायला लावायचे आणि बादलीबादलीनं खाडीचं पाणी मारून धुवायचे, होडी धुवावी तशी, खालून, वरून, चाकांच्या आतून. आम्हाला वाटायचं काय चकचकीत ठेवली आहे! त्या मिठानं शॉकअपचा दांडा खरबरीत केला, खरबरीत दांड्यानं आतलं रबर कापलं आणि तेल सगळं गळून गेलं. गावात पाच-सहा गाड्या आहेत, सगळ्या तिथेच धुतात. कोणाला दोष देणार?

(ह्यांना ते कसं सांगितलं ते विचारू नका. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नळाची नळी शोधायला लागले.)

मुलगा म्हणाला, "म्हणजे दोष गाडीचाच?"

"अजून कुठे बघितलं?" मिस्त्री म्हणाला आणि आत जाऊन सायकल घेऊन आला.

ही त्याची खास तऱ्हा. गाडीत बसून तो कधी गाडी बघायचा नाही. म्हणायचा, आत बसलं की आपणही हलतो, मग काय दिसणार? मालकानं रानशेतच्या बाजूच्या आतल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू गाडी न्यायची आणि हा मागून सायकलवर, मान वाकडी करून चाकांकडे बघत. आधी मुलाला नेलं. परत आले. मग म्हणाला, "आता बाय."

"तिला नको," मुलगा म्हणाला. "परवाच बकरीपायी कुंपणात घातली."

"गाडी तिची, रस्ता तिचा. चावी देत नसशील तर घरी घेऊन जा. मी बघत नाही."

मुलानं खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. शेवटी दिली. माझे हात तेव्हा खरंच हलत होते, त्याबद्दल वाद नाही.

मी चालवत होते आणि हा मागून पॅडल मारत होता. लुंगी खोचलेली, खांद्यावर टॉवेल. रस्त्यावरची माणसं कामं टाकून बघत होती.

"मिस्त्री, दोरी बांध, ओढत नेईल!"

"मावशी, जरा जोरात घ्या, बघू कुठवर येतो!"

मला हसावं की रडावं कळेना. मध्ये एक कोंबडी आली, दोन बकऱ्या आल्या, एक सायकलवाला आडवा गेला. मी थांबले, निघाले, थांबले, निघाले. परत आल्यावर हा एक तांब्या पाणी प्याला आणि मुलाला म्हणाला, "पुढचे दोन्ही स्ट्रट गेले. मागचे दोन्ही शॉकअप गेले, टोपल्यांमुळे उजवीकडचा जास्त. बकरी आली तर ही गाडी तुझ्या हातातही कुंपणातच जाईल. मघाशी वळणावर तू अख्खा रस्ता घेतलास, लक्षात आलं का?"

मुलाच्या ते लक्षात आलं असावं. तो म्हणाला, "उजवीकडचाच जास्त खराब आहे म्हणता, तर तेवढाच बदलू या का?"

"एका पायात नवी चप्पल, एका पायात झिजलेली. तलासरीपर्यंत चालून दाखव, मग एकच बदलतो."

झालं, चारही ठरले. पण सामान तो आणायचा नाही. मालकानं आणायचं आणि तेही मालकानंच, मुलाला पाठवायचं नाही. "काय बसवलं ते तिला माहीत पाहिजे." मी कपाळाला हात लावला. डहाणूला सुट्या भागांच्या दुकानात गेले. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, "तेलवाले की गॅसवाले?"

मी म्हटलं, "शॉकअप."

"हो मावशी, पण तेलवाले की गॅसवाले? माउंटिंग पण घेणार? वरचं रबर? आतला बूट?"

"बूट कशाला, मी चपला घालते."

सगळं दुकान हसलं. बूट म्हणजे दांड्यावर धूळ बसू नये म्हणून घालायची रबरी पिशवी, हे मला मागून कळलं. बाजूला उभा असलेला एक रिक्षावाला म्हणाला गॅसवालेच घ्या, कडक असतात. दुसरा म्हणाला अजिबात नको, हाडं मोडतात. मी तशीच मिस्त्रीकडे परत. "तूच सांग बाबा, कुठले?"

"जाताना टोपल्या भरलेल्या असतात?"

"हो."

"येताना?"

"रिकाम्या."

"गॅसवाले भरल्या गाडीला चांगले, रिकामीला हादरे देतात. तेलवाले रिकामीला मऊ, पण भरल्यावर जरा दबतात. आता तू ठरव."

"अरे, म्हणजे बरोबर कुठलं?"

"जायचं पण तुलाच आहे, यायचं पण तुलाच आहे."

असा माणूस! मी तेलवाले घेतले, कारण येताना कंबर फार दुखते. त्यानं 'बरं' म्हटलं. बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. मी बरोबर घेतले का, मला आजतागायत माहीत नाही. आणि एवढं करून पुढचे दोन जेव्हा त्याच्यापुढे ठेवले, तेव्हा तो ते हातात घेऊन हसायला लागला. पहिल्यांदाच हसताना बघितलं. "बाय, दोन्ही डाव्या पायाचे आणलेस!" पुढच्यांत डावा-उजवा असतो म्हणे, ब्रेकची नळी अडकवायचा कान एका बाजूला असतो. दुकानदारानं दिले, मी आणले. पुन्हा डहाणू.

कामाच्या दिवशी मात्र तो वेगळाच माणूस. मस्करी नाही, बिडी नाही. पुढची स्प्रिंग दोन लोखंडी आकड्यांत धरून पिळून दाबली तेव्हा आम्हाला सगळ्यांना शेडबाहेर काढलं. "ही आता रागात आहे. सुटली तर माणूस बघणार नाही." जुन्या स्ट्रटच्या वरची रबरं काढली तर हातात भुगा झाला. तीही नवी घातली. चारही बसवून झाल्यावर मला म्हणाला, "घरी तंगूस असेल ना? आण म्हटलं होतं." मासे धरायचा नायलॉनचा दोरा. मी आणलाच होता, का ते न विचारता. गाडीच्या दोन्ही बाजूंना पुढून मागेपर्यंत त्यानं तो ताणून बांधला आणि चाकं सरळ आहेत का ते त्या दोऱ्यावरून मोजलं. मग स्वतःच म्हणाला, "हे कामचलाऊ. वापीला मशीनवर एकदा दाखव." स्वतःच्या कामाला कामचलाऊ म्हणणारा मिस्त्री मी दुसरा बघितलेला नाही.

मग पुन्हा सायकल. पुन्हा तोच रस्ता, पुढे मी, मागे तो. गाडी काय चालत होती म्हणून सांगू! खड्डा यायचा आणि जायचा. एक हातगाडी आडवी आली, ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी उभी. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं बोलले, "बघ, मी नाही म्हातारी!" कोणाला बोलले, माहीत नाही.

आतल्या रस्त्याच्या टोकाला मी थांबले. तो सायकलवरून उतरला आणि खिडकीशी आला. मुलगा शेडजवळ होता, लांब.

"गाडीचं झालं, बाय. आता तुझं."

"माझं काय?"

"डावीकडून काही आलं की तुझा ब्रेकचा दिवा लगेच पेटतो. उजवीकडून आलं की उशिरा पेटतो. मागच्या वेळी बकऱ्या उजवीकडून आल्या, सायकलवाला उजवीकडून आला. आज ती हातगाडी. दर वेळी उशीर. कोंबडी डावीकडून आली तेव्हा बरोबर थांबलीस."

मला राग आला, भयंकर राग. "तू शॉकअपवाला. डोळ्यांचा डॉक्टर कधी झालास?"

"लाल दिवा मागूनच दिसतो," तो म्हणाला. "तुझ्या उजव्या डोळ्यात ढग आहे. माझ्या आईला होता."

"मग मुलाला का नाही सांगितलंस?"

"त्यानं गाडीचं विचारलं, गाडीचं सांगितलं. गाडी खरंच खराब होती. तुझं तू सांग, नाहीतर नको सांगू." आणि सायकल वळवून निघून गेला. परत शेडवर गेल्यावर माझ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही.

घरी येताना मीच चालवत होते. मुलगा बाजूला बसून इतका खूश! "आई, चुकलो मी. गाडीच खराब होती. मी उगाच तुला म्हातारी केली." मी हं हं करत होते. डावा डोळा मिटून बघितलं. समोरच्या चिकूच्या वाड्या दुधात बुडवल्यासारख्या दिसल्या. मी हे महिनाभर चष्म्याच्या काचेवर ढकलत होते, पदरानं पुसत होते. मला माहीत होतं का? होतं, आणि नव्हतंही. हे कसं ते मला सांगता येत नाही.

आशागडच्या पुढे उजवीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला एकदम रस्त्यावर आला. मी ब्रेक मारला. गाडी नाक खाली न घालता, न सरकता, सरळ उभी राहिली. त्याच्या मागच्या चाकापासून दोन हातांवर.

मुलगा टाळी वाजवून म्हणाला, "बघितलंस? जुन्या शॉकअपवर गेलो असतो ना त्याच्यात! आता बघ कशी उभी राहते!"

त्याला कळलं नाही. मी उशिरा बघितलं होतं आणि त्याला कळलंच नाही. उरलेला रस्ता मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही.

घरी गाडी लावली. हे नळी घेऊन तयारच होते. मी चावी काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली.

"हे काय?" तो म्हणाला. "अगं, आता कशाला? आता तर गाडी चांगली झाली!"

"म्हणूनच," मी म्हटलं. "खराब होती तोवर चुकले तर तुला कळायचं. आता कळणार नाही. उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. आणि शनिवारी तलासरीला टोपल्या घेऊन तुला यावं लागेल, आतापासून रजा सांगून ठेव."

तो चावीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग गाडीकडे. ह्यांनी नळाचं पाणी सोडलं होतं, ते आमच्या दोघांच्या पायांवरून वाहत होतं. तरी तो हलला नाही.